सराफ्यापेक्षा अर्धा तास मागे

सकाळी साडेआठ. रात्रभर पाऊस झोडपत होता, त्यामुळे न्यारिये आज उशिरा आलेत. सराफ्याच्या नालीतला गाळ घमेल्यात घेऊन ते सोन्याचा कण शोधतात. जुलैत कणच वाहून जातो. त्यांना वळसा घालून मी जिना चढतो. खाली दागिने, वर माझी जुनी नाणी आणि टपाल तिकिटं.

अकरा. खालची दुकानं उघडली, सोन्याचा भाव फोनाफोनी करून ठरला. मी चिमटा आणि भिंग काढलं. एका गिऱ्हाइकाला केर्गेलेन बेटांचा अल्बम लावून हवाय. तिथे आत्ता साडेदहा वाजलेत. ही फ्रेंच बेटं आपल्या पोरबंदरच्या सरळ खाली, ४९ अंश दक्षिणेला. विमानतळ नाही. रियुनियन बेटाहून जहाज वर्षातून तीन-चार खेपा करतं, तेव्हाच माणसं, किराणा आणि टपाल पोचतं.

साडेबारा. इतिहासाचं पान. १७७२ च्या फेब्रुवारीत इव्ह-जोसेफ द केर्गेलेनला ही किनारपट्टी दिसली. स्वतः पाऊलही न ठेवता तो परतला आणि सुपीक दक्षिण-फ्रान्स सापडल्याचं राजाला सांगितलं. दुसऱ्या सफरीत खडक, बर्फ आणि वारा हाती लागला, परतल्यावर तुरुंग. बावीस कॅरेट सांगून पितळ विकणाऱ्याला आमच्या गल्लीतही यापेक्षा वेगळी वागणूक मिळत नाही. १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक आला आणि त्याने बेटाला उजाड म्हणून टाकलं. त्यानंतर आलेल्यांना मात्र उजाडपणातही पैसा दिसला. सीलची कातडी आणि तेल, मग देवमासे. बेटावरच्या पोर-कूव्रोला मेंढ्या पाळायला कुटुंबं नेली, तीही १९३१ पर्यंत परतली. कायमचा रहिवासी आजही नाही.

दीड. डबा. खालचे सोनीजी चहा घेऊन वर आले, भिंगातून तिकीट बघत म्हणाले, “भाऊ, ये तो पत्तागोभी है!” आहेच. केर्गेलेनची कोबी. हिच्या पानांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांना हिनेच तारलं. एवढ्या वाऱ्यात उडणारे किडे टिकत नाहीत, म्हणून हिचं परागण वाराच करतो. तिथल्या काही माश्यांना पंखच उरलेले नाहीत. सोनीजींचा माझ्यावर विश्वास बसला नाही. बिनपंखी माशी मिठाईवाल्यांना परवडेल, एवढंच म्हणाले.

तीन. सशांचं पान, हे मला मनापासून आवडत नाही. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला ब्रिटिश पथक तिथे गेलं, सोबत ससे नेले. सूर्यावरून शुक्र काही तासांत सरकून गेला, ससे राहिले आणि कोबी फस्त करत सुटले. खगोलशास्त्राच्या पुस्तकात हे कधी वाचलं नव्हतं.

पाच. गल्लीत दिवे लागलेले नाहीत, पण तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतोय. हिवाळा. तिथली वर्षाची सरासरी पाच अंशांच्या आतबाहेर, ताशी दीडशे किलोमीटरचे झोत नेहमीचे. पोर-ओ-फ्रांसेच्या तळावर हिवाळ्यात जेमतेम पन्नासेक माणसं: हवामानवाले, जीवशास्त्रज्ञ, स्वयंपाकी आणि पोस्ट सांभाळणारा एक. मी धाडलेली पाकिटं त्याच्याच शिक्क्याने परत येतात, जहाजाच्या मर्जीने, कधी सहा महिन्यांनी.

साडेसहा. शेवटचं पान भूगर्भाचं, गिऱ्हाइकाने मागितलं नव्हतं. केर्गेलेनखालच्या ज्या तप्त ठिकाणाने (हॉटस्पॉटने) तिथलं पठार उभं केलं, त्याच्याशीच झारखंडच्या राजमहाल टेकड्यांचा लाव्हा जोडतात, अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि आमच्या जबलपूरच्या बडा शिमला टेकडीच्या माथ्यावरचा काळा दगड? तो रियुनियनच्या तप्त ठिकाणाचा, म्हणजे जिथून ते जहाज सुटतं त्या बेटाखालचा. त्याच टेकडीत १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमनला डायनासोरची हाडं सापडली होती.

आठ. गिऱ्हाईक आले. कोबी, जहाज, पेंग्विन सगळं पसंत पडलं. दगडांच्या पानाचे पैसे मात्र द्यायला तयार नाहीत. मी ते पान काढून घेतलं नाही. दोनशे रुपये कमी घेतले.