गोधडीचा दोरा



गोधडी ही वस्तु आपल्या घरांत इतक्या परिचयाची आहे कीं, तिच्यांत कांहीं विद्या भरलेली आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जुनें लुगडें, विरलेलें धोतर, मुलांना आंखूड झालेलीं आंगडीं यांचे थरावर थर घालावे, कडेपासून टांके घालीत आंत आंत यावें, आणि शेवटचा टांका मध्यावर संपवावा, ही आपल्या आजीची रीत. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. या हातशिवणींत सुई एक, दोरा एक आणि टांकाहि एकच, तो म्हणजे धांवदोरा. चूक झाली तर ती डोळ्यांदेखत होते, आणि तेथल्या तेथें सुधारतां येते.

अलीकडे हीच गोधडी शिवणयंत्रावर शिवण्याची हौस शहरांतील घरांतून व खेड्यांतील बायकांतूनहि वाढली आहे. सरळ शिवण घालावयाची तर यंत्राचे दाते कापड आपोआप पुढें सरकवितात. परंतु कैरी, वेल, फुलें, लाटा असें कांहीं टांक्यांनीं रेखाटावयाचें झाल्यास ते दाते खालीं करावे लागतात, किंवा झांकावे लागतात. आणि मग कापड कोणत्या दिशेला व किती न्यावयाचें, हें सर्वस्वीं आपल्या दोन हातांवर येऊन पडतें. हिला मी मोकळ्या हाताची शिवण म्हणतों. लिहितांना कागद स्थिर असतो व लेखणी फिरते. येथें लेखणी स्थिर असते व कागद फिरवावयाचा असतो. नवशिकीची पहिली तारांबळ उडते ती येथेंच. आणि तिचा राग निघतो तो बिचाऱ्या दोऱ्यावर.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाहीं. ज्या कापडाची गोधडी शिवावयाची तें पुष्कळदां बाजारांत पुन्हां मिळण्यासारखें नसतें. आई गेली आणि तिचें नऊवारी लुगडें तेवढें मागें राहिलें. त्याची गोधडी नातवाच्या अंगावर घालावी अशी लेकीची इच्छा असते. खालच्या बाजूला दोऱ्याचें जाळें झालें आणि तें उसवावयास गेलें, म्हणजे टांक्याबरोबर लुगड्याचें जुनें सूतहि तुटतें. दुसरी गोष्ट चरितार्थाची. चार पैसे मिळतील या आशेनें घेतलेलें यंत्र, दोरा सारखा तुटतो म्हणून महिन्याभरांत कोपऱ्यांत जाऊन बसतें, आणि ती बाई स्वतःलाच अडाणी ठरवून मोकळी होते. वास्तविक तिच्या बुद्धींत कांहीं उणें नसतें. दोष कोठें शोधावा हें तिला कोणी सांगितलेलें नसतें, इतकेंच.

दोष शोधावयाचा तर यंत्राचा टांका कसा पडतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे. यंत्रांत दोरे दोन असतात. एक वरचा, रिळापासून सुईपर्यंत येणारा. दुसरा खालचा, बॉबिनीवर गुंडाळलेला. सुई खालीं जाऊन किंचित् वर येऊं लागली, म्हणजे तिच्या नेढ्याजवळ वरच्या दोऱ्याचा लहानसा फांसा सुटतो. खालच्या आंकड्याचें टोंक तो फांसा पकडतें आणि बॉबिनीच्या भोंवतीं फिरवून आणतें. मग वरचा दांडा तो दोरा खेंचून घेतो, आणि दोन दोऱ्यांची गांठ कापडाच्या थरांत मध्यावर बसते. अशा टांक्याच्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत एलियस हौ यानें सन १८४६ मध्यें घेतलें, आणि आयझॅक सिंगर यानें सन १८५१ पासून सुधारलेलें यंत्र घरोघर पोंचविलें. यंत्रांच्या हव्यासावर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनींहि सन १९२४ मध्यें सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान दिला. बायकोचे कष्ट पाहून उपजलेलें प्रेम त्या शोधाच्या मुळाशीं आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

वरील वर्णनावरून एक नियम निघतो, आणि तो ध्यानांत धरला तर अर्ध्याहून अधिक अडचणी दूर होतात. तो नियम असा : गोधडीच्या खालच्या अंगाला दिसणारा दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, आणि वरच्या अंगाला दिसणारा दोष हा दोन दोऱ्यांच्या ओढाताणींत वरचा दोरा फार जोरांत आहे किंवा खालचा फार ढिला आहे, याची खूण असते. रस्सीखेंच आठवा. ज्या बाजूचा जोर अधिक, त्या बाजूला गांठ सरकते. वरचा दोरा सैल असेल तर खालचा त्याला ओढून नेतो आणि खालीं फांसे लोंबतात. वरचा फार ताणलेला असेल तर खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर डोकावतो. हा नियम ठाऊक नसल्यामुळें खालीं गुंता दिसतांच पुष्कळ जणी बॉबिनीवर तुटून पडतात. तिचा स्क्रू पिळतात, पुन्हां पिळतात, आणि जें नीट होतें तेंहि बिघडवून बसतात.

म्हणून सुरुवात करतांना वर एका रंगाचा व खालीं दुसऱ्या रंगाचा, पण सारख्याच जाडीचा दोरा घ्यावा. ज्या थरांची गोधडी करावयाची, तेवढ्याच थरांचा वीतभर तुकडा टाकाऊ चिंध्यांचा करून त्यावर हात चालवावा. रंग वेगळे असल्यामुळें कोणता दोरा कोठें घसरला हें लगेच कळतें.

आतां एकेक दोष घेऊं.

पहिला, आणि सर्वांत मोठा, खालीं जाळें होणें. याचें पहिलें कारण म्हणजे वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्यें नीट बसलेला नसणें. दोरा ओवतांना फूट वर उचललेला असावा, म्हणजे चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्या आंत जातो. शिवतांना मात्र तो खालीं असला पाहिजे. मोकळ्या हाताच्या शिवणींत येथेंच मोठी फसगत होते. भरतकाम करणाऱ्या बायका पुष्कळदां फूट काढूनच टाकतात आणि कापड रिंगेंत ताणून धरतात. फूटच नाहीं, मग खालीं काय करावयाचें, असें वाटून मागची दांडी तशीच वर राहते. दांडी वर म्हणजे चकत्या सुटलेल्या, आणि चकत्या सुटलेल्या म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण मुळींच नाहीं! पांच टांक्यांत खालीं घरटें तयार होतें. तेव्हां फूट असो वा नसो, दांडी खालीं हवीच. दुसरें कारण आरंभींच्या टोंकांचें. पहिला टांका घालण्यापूर्वीं हातानें चाक फिरवून खालचा दोरा वर काढावा, दोन्ही टोंकें बोटांत धरावीं, आणि चार-पांच टांके होईपर्यंत सोडूं नयेत.

दुसरा दोष असा कीं, सरळ रेषेंत शिवण उत्तम येते, परंतु वळणावर खालीं पापण्यांच्या केंसांसारखे बारीक फांसे दिसतात. येथें यंत्राचा दोष नसतो, लयीचा असतो. समजा, यंत्र मिनिटाला ४०० टांके घालीत आहे आणि हात मिनिटाला १०० सेंटिमीटर कापड फिरवीत आहे. म्हणजे टांका अडीच मिलिमीटरचा झाला. वळणावर आपला हात नकळत दुप्पट वेगानें फिरतो, पाय मात्र होता त्याच गतीनें चालतो. टांका पांच मिलिमीटरचा होतो, दोरा आडवा ओढला जातो, आणि गांठ मध्यावर बसण्याऐवजीं वळणाच्या आंतल्या अंगाला घसरते. उपाय एवढाच कीं, पायाची गति एकसारखी ठेवावी आणि वळणावर हात किंचित् मंद करावा. भजनांत टाळकऱ्यानें मृदंगाच्या पुढें धांवूं नये, तसेंच हें आहे.

तिसरा दोष दोरा तुटण्याचा. एका टांक्याला दोरा लागतो तो फार थोडा. परंतु फांसा बॉबिनीभोंवतीं फिरवावयाचा म्हणून प्रत्येक वेळीं बराच अधिक दोरा खालीं जातो आणि परत वर ओढला जातो. अर्थात् दोऱ्याचा तोच तो भाग शिवणींत बसण्यापूर्वीं सुईच्या नेढ्यांतून अनेक वेळां घांसून निघतो. दोरा जुना, गांठाळ किंवा सुईच्या मानानें जाड असेल तर त्याचे पदर सुटतात आणि तो तुटतो. दोरा पिंजून तुटला तर नेढें किंवा सुई तपासावी. एकदम खटकन् तुटला तर ताण अधिक आहे किंवा दोरा रिळाच्या खांचेंत अडकला आहे, असें समजावें.

दोरा व सुई यांचें जमतें कीं नाहीं, हें पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. सुई यंत्रांतून काढून हातभर दोऱ्यांत ओवावी आणि दोरा तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या भारानें घसरत खालीं आली तर जोडी जमली. अडून राहिली तर एक नंबर जाड सुई घ्यावी. साधारण सुती दोऱ्याला १४ नंबरची सुई चालते. थर जाड असतील तर १६ नंबरची. ११ नंबरची बारीक सुई गोधडीच्या कामाची नव्हे. सुईचे नंबर वाढले कीं जाडी वाढते, परंतु दोऱ्याचें उलट आहे, आणि येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. कापसाच्या सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडांत त्या सुताच्या ८४० वारांच्या किती लडी बसतात ती संख्या. अर्थात् नंबर जितका मोठा, तितकें सूत बारीक. शिवणाच्या रिळावरील आंकडाहि याच दिशेनें वाचावा. पेण तालुक्यांतील आमच्या या गागोदे बुद्रुक गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. पुढें वर्ध्यास त्यांनीं कांतणाचे कसून प्रयोग केले. एकसारख्या पिळाच्या आणि एकसारख्या जाडीच्या सुताचा जो आग्रह कांतणाऱ्यानें धरावयाचा, तोच शिवणाऱ्यानें रीळ निवडतांना धरला पाहिजे.

चौथा दोष टांका सुटण्याचा. सुई उलटी बसली असेल तर आंकड्याला फांसा सांपडतच नाहीं. सुईच्या एका बाजूला लांब खांच असते. दोरा ज्या बाजूनें ओवावयाचा त्या बाजूला ती खांच यावी, आणि चपटी बाजू आंकड्याकडे असावी. सुई बोथट किंवा किंचित् वांकलेली असली तरी हाच परिणाम होतो. म्हणून आठ-दहा तासांच्या कामानंतर ती बदललेली बरी. याशिवाय मोकळ्या शिवणींत आणखी एक कारण असतें. सुई वर जातांना तिच्याबरोबर कापडहि उचललें जातें, आणि फांसा सुटावयाचा तो सुटत नाहीं. भरतकामाचा लहान फूट, रिंग, किंवा सुईच्या दोन्ही बाजूंना पसरलेले तळवे यांनीं कापड खालीं दबून राहतें. आंतले थर आधीं कच्च्या टांक्यांनीं टांचून घ्यावे, आणि नवशिकीनें तीन थरांच्या पलीकडे जाऊं नये.

कोंकणांतल्या लोकांना पांचवी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली असते. सुईवर, बॉबिनीच्या डबीवर आणि सुईखालच्या पत्र्यावर बारीक गंज धरतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण नखाला लागतो. आणि जें नखाला खरखरतें तें दोऱ्याला कापतें. जुन्या कापडाचा भुगा व तेल मिळून आंकड्याखालीं चिखलहि होतो. म्हणून दर गोधडीनंतर पत्रा काढून ब्रशानें भुगा झाडावा, यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा, आणि चिंधीवर थोडें शिवून जादा तेल निघून जाऊं द्यावें. खोबरेल तेल घालूं नये. तें वाळून चिकट होतें.

आमच्या शेजारच्या वाडींतील माझी एक जुनी विद्यार्थिनी मागें आपलें यंत्र विकावयास निघाली होती. खालीं जाळें होतें, दोरा तुटतो, हीच तक्रार. तिनें वरचा ताण, खालचा स्क्रू, सुई आणि दोरा, सर्व कांहीं एकाच दुपारीं बदलून पाहिलें होतें. मीं तिला शाळेंतलें जुनें गणित आठवून दिलें : समीकरणांत चार अव्यक्तें एकदम हलविलीं तर उत्तर कशानें बदललें हें कळावें कसें? मग तिनें वहींत क्रम लिहून काढला. प्रथम पुन्हां ओवणें, नंतर दांडी, नंतर सुई, नंतर सफाई, नंतर हाताची गति, आणि सर्वांच्या शेवटीं ताण. एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चिंधीवर चार बोटें शिवण. तिचा दोष तिसऱ्या पायरीवर सांपडला. नेढ्याला बारीक कूस होती. दोन-चार रुपयांच्या सुईसाठीं हजारोंचें यंत्र घराबाहेर जावयाचें राहिलें. आज ती गांवांतल्या बायकांना शिवून देते.

ताणाला हात घालण्याची खरोखरच वेळ आली, तर आधीं वरचा ताण अर्ध्या आंकड्यानें बदलावा. तेवढ्यानें भागलें नाहीं तरच बॉबिनीच्या डबीकडे वळावें. भरलेली डबी दोऱ्याच्या टोंकाला धरून लोंबती सोडावी. ती जागच्या जागीं राहिली, आणि हाताला हलका झटका देतांच दोन-तीन बोटें खालीं उतरून थांबली, तर तिचा ताण योग्य आहे. ती आपोआप जमिनीकडे धांवली तर स्क्रू उजवीकडे, आणि झटक्यानेंहि हलली नाहीं तर डावीकडे फिरवावा. पण तो घड्याळाच्या कांट्यानें पांच मिनिटांत जेवढें अंतर चालावें तेवढाच. पूर्वीची जागा आधीं पेन्सिलीनें टिपून ठेवावी.

आईचें लुगडें मात्र सर्वांत शेवटीं घ्यावें. आधीं चिंध्यांच्या चार चौकटी, मग उशीचा अभ्रा, मग बाळाची दुपटी, आणि त्यानंतर तें लुगडें. त्या दिवशींहि नवी सुई घालून, शेजारीं चिंधी ठेवून बसावें. आणि कांहीं बिनसल्यासारखा आवाज येतांच पाय थांबवून कापड उलटून पाहावें. एक वीत उसवावी लागली तर सूत टिकतें; हातभर उसवावी लागली तर टिकत नाहीं.