खिडकीजवळचे छायाचित्र : रंगीत की कृष्णधवल?

घरातील वडीलधाऱ्या माणसाचे एखादे चांगले छायाचित्र काढून ठेवावे, हा विचार बहुतेक कुटुंबांत उशिरा सुचतो. ऐंशी वर्षांच्या आजी आज माजघराच्या खिडकीशी वाती वळीत बसलेल्या असतात. पुढे पतवंडांना त्यांची ओळख होते ती भिंतीवरच्या एका तसबिरीवरून. ती तसबीर रंगीत असावी की कृष्णधवल, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाही. त्या चित्रातून जे सुटेल, ते मागाहून भरून काढण्यास ती व्यक्ती समोर नसते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या वाड्याची कल्पना करावी. अशा घराच्या खोल खिडकीतून उजेड एकाच बाजूने येतो. चेहऱ्याचा एक गाल उजळतो, दुसरा हळूहळू छायेत उतरतो, आणि या उतरणीवरच नाकाची ठेवण, कपाळावरच्या आठ्या व डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या उमटतात. ऊन थेट चेहऱ्यावर पडत असेल, तर ही उतरण तुटते. म्हणून उत्तरेकडची खिडकी उत्तम. माणूस खिडकीच्या अगदी लगत बसल्यास छायेची बाजू काळवंडते. त्याने दोन-तीन हात मागे बसावे आणि छायेच्या अंगास एक पांढरे धोतर टांगावे. त्यावरून परतलेला उजेड पुरेसा होतो. एवढी सिद्धता रंगीत व कृष्णधवल या दोहोंसही सारखीच लागते.

भेद सुरू होतो तो यापुढे. खिडकीतून येणारा आकाशाचा उजेड किंचित निळसर असतो. आतल्या साध्या विजेच्या दिव्याचा पिवळा. हिरवा रंग दिलेली भिंत जवळ असेल, तर तिची झाक गालावर पडते. मनुष्याची दृष्टी हे सारे सांभाळून घेते. कॅमेरा घेत नाही. रंगीत चित्रात एक गाल निळा व दुसरा पिवळा दिसू लागतो, आणि एक सुधारावयास जावे तर दुसरा अधिकच बिघडतो. अशा वेळी प्रथम दिवा मालवावा. तो मालवणे शक्य नसेल, तर कृष्णधवल चित्र अधिक सुखाचे ठरते; कारण त्यास उजेडाचे प्रमाण तेवढे कळते, त्याच्या रंगाशी त्यास फारसे कर्तव्य नसते.

परंतु कृष्णधवल म्हणजे बिघडलेल्या रंगावरचा उतारा एवढेच नव्हे. त्याची खरी शक्ती पाहावयाची, तर याच जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण पुरेसे आहे. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. त्यांची जी थोडी छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती कृष्णधवल आहेत. तशाच छायाचित्राच्या आधारे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी संगमरवरी मूर्ती घडविली, आणि १९५४ मध्ये समाधिमंदिरात तिची स्थापना झाली. अवयवांची ठेवण व बसण्याची ढब सांगण्यास छाया-प्रकाश पुरेसे झाले. उलट दिनदर्शिकांवरील चित्रांत कफनी कुठे पांढरी, कुठे भगवी, कुठे आणखी कोणत्या रंगाची दिसते. कारण रंगाची बाजू चित्रकारास आपल्या कल्पनेने भरावी लागते.

आता याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी जावे. देशी बियाणे जतन करण्याच्या कार्याबद्दल तेथील राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्यासारख्या बियाणे राखणाऱ्या स्त्रीस खिडकीशी बसवून, तळहातावर नाना जातींचे वाल व घेवडे ठेवून छायाचित्र घेतले, तर त्या दाण्यांचे रंग ही शोभा नव्हे. एक वाण दुसऱ्यापासून ओळखण्याची ती एक खूण आहे. कृष्णधवलात ते सारे करड्या खड्यांसारखे दिसतील आणि त्या स्त्रीच्या आयुष्याचे काम चित्रातून नाहीसे होईल.

तात्पर्य, रंग त्या माणसाविषयी काही सांगतो की केवळ खोलीविषयी, हे प्रथम पाहावे. मागच्या भिंतीचा गुलाबी रंग किंवा खुर्चीवरचे प्लास्टिक व्यक्तीविषयी काही सांगत नाही. ते लक्ष मात्र ओढते. तेथे कृष्णधवल बरे.

यात एक गोष्ट महाराष्ट्रीय घरांत विशेष जपावी लागते. ती म्हणजे कपाळावरचे कुंकू. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर तांबड्या रंगाचा परिणाम जवळजवळ होतच नसे. म्हणूनच त्या तांबड्या दिव्यात धुता येत. त्यामुळे जुन्या तसबिरींत कुंकू काळेभोर व ठसठशीत दिसते, परंतु त्वचाही वाजवीपेक्षा सावळी होते. आजचा डिजिटल कॅमेरा लाल, हिरवा व निळा असे तीन भाग टिपतो, आणि त्यांच्या मिश्रणातून कृष्णधवल चित्र तयार होते. लाल भाग अधिक घेतला, तर त्वचा नितळ व उजळ दिसते. पण कुंकूही तितकेच उजळून कपाळात विरून जाते. सौभाग्यवती आजींच्या तसबिरीत हा प्रमाद घरास बोचल्यावाचून राहणार नाही. निळा भाग वाढविला, तर कुंकू राहते, परंतु सुरकुत्या व डाग कठोर होतात. हिरव्या भागाचे प्रमाण मोठे ठेवल्यास कुंकू गडद आणि त्वचा स्वाभाविक राहते. तसेच हिरवे लुगडे व त्याचा तांबडा काठ रंगीत चित्रात कितीही उठून दिसले, तरी कृष्णधवलात दोन्ही एकाच करड्या छटेचे होऊ शकतात. हे आधी तपासावे.

चित्र टिपताना मूळ प्रत पूर्ण रंगातच राखावी. रंगाचे कृष्णधवल मागाहून करता येते, पण न टिपलेला खरा रंग परत आणता येत नाही. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून कोणत्या प्रतीत काय हरवले ते पाहावे. आणि निवड करण्यापूर्वी त्या दोन्ही प्रती आजींच्याही हाती द्याव्या. आपण कशा दिसत होतो, हे नातवंडांना कळावयाचे असेल, तर त्याविषयी पहिला शब्द त्यांचा असणे उचित होय.