बॅले कोणाच्या पायांचा?

बॅले म्हटले की आपल्या वस्त्यांतून एकच उत्तर येते, 'ते आपले काम नव्हे.' पांढरे झगे, पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहणाऱ्या पोरी, विलायती संगीत. हे सारे बड्या घरच्यांचे, असा समज पक्का बसला आहे. इतिहास या समजाला दुजोरा देतो काय, हे तपासले पाहिजे असे आम्हास वाटते.

बॅलेचा जन्म राजवाड्यात झाला हे खरे. इटलीच्या दरबारांतून तो फ्रान्सला गेला. तेथील राजा चौदावा लुई १६५३ साली स्वतः सूर्य बनून नाचला आणि १६६१ साली त्याने नृत्याची अकादमी काढली. पायांच्या पाच मूळ स्थिती त्याच काळात ठरल्या. परंतु नाचाची शाळा निघाली की नाच जन्माच्या हातून सुटतो आणि शिक्षणाच्या हाती येतो! दरबारी हौशी मागे पडले, शिकून तयार झालेले नर्तक रंगमंचावर आले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या कित्येक मुली गरिबांच्या होत्या. घाम गरिबाच्या पोरीचा आणि मिजास बघणाऱ्याची! आपल्याकडे तमाशात नाचणाऱ्या बाईची कथा याहून वेगळी होती काय?

अमेरिकेत काळ्यांचे शरीर बॅलेसाठी घडलेलेच नाही, असे बिनदिक्कत सांगितले जाई. आर्थर मिचेल या कृष्णवर्णीय नर्तकाने १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेत प्रवेश करून ते खोटे ठरवले. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर मिचेल आपल्या हार्लेम वस्तीत परतले आणि १९६९ साली त्यांनी तेथील मुलांसाठी बॅलेची शाळा व नृत्यसंघ उभा केला. निषेधाचा याहून विधायक मार्ग कोणता?

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्या सुमारास इप्टा या लोकनाट्य चळवळीचे मध्यवर्ती पथक अंधेरीत एकत्र राहून काम करीत होते. शांती बर्धन नृत्य बसवीत, रविशंकर संगीत देत. १९४४ चे 'स्पिरिट ऑफ इंडिया' आणि १९४५ चे 'इंडिया इम्मॉर्टल' हे बॅले या पथकाने केले. येथे बोटांवरचा नाच नव्हता; आपल्या मातीतील हालचालींतून सांगितलेली भुकेल्या जनतेची गोष्ट होती. राजाच्या महालातील कला अंधेरीत जनतेच्या दारी आली! त्याच चळवळीच्या काळात, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णाभाऊंनी केवढे साहित्य लिहिले, हे वाचकांना सांगायला नको.

आणि अलीकडचे पाहा. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान मुंबईत येहुदा माओर या परदेशी शिक्षकाच्या हाताखाली बॅले शिकले. अमिरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. २०२० साली या दोघांच्या कथेवर 'ये बॅले' हा चित्रपट निघाला, त्यात मनीषने स्वतःचीच भूमिका केली. लोकांनी 'चमत्कार' म्हणून टाळ्या वाजवल्या.

आम्हास हा शब्द मान्य नाही. चमत्कार म्हटले की जबाबदारी संपते. या मुलांना मिळाले काय? शिक्षक, सरावाची जमीन आणि वेळ. एवढे मिळताच पाय तयार होतात. मग घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारांवरील आणि बोरिवलीच्या चाळींतील हजारो पोरांना ते का मिळू नये? पालिकेच्या शाळांत सभागृहे आहेत, वस्त्यांत समाजमंदिरे आहेत. संध्याकाळी दोन तास ती नृत्यासाठी उघडावीत, शिक्षक नेमावेत, ही मागणी आपण नगरसेवकांपुढे ठेवली पाहिजे.

प्रतिभा कोणाच्या बापाची मालमत्ता नाही. 'ते आपले काम नव्हे' हे वाक्य आपल्या पोरांच्या कानी यापुढे आपल्याच तोंडून तरी पडू नये!