आकाशमार्ग (भाग ९) : हेलसिंकी ते टोकियो

हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ७,८५० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ही वाट मध्य आशियातून जाईल असे वाटते. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो उत्तरेकडे झुकतो, आर्क्टिक वृत्ताच्या जरा वर जातो आणि सैबेरियावरून जपानकडे उतरतो. या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात. ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे विमान या वाटेने साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचत असे. परतीला थोडा जास्त वेळ लागे, कारण उंचावरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

फिनएअर या फिनलंडच्या कंपनीचा आशियातील पसारा याच जवळच्या वाटेवर उभा राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने आपले आकाश रशियन विमानांना बंद केले आणि रशियानेही तसेच उत्तर दिले. शहरे जागच्या जागी राहिली, प्रवास मात्र १३ तासांचा झाला.

आता वाटा दोन आहेत. दक्षिणेची वाट तुर्कस्तान, कॉकेशस, मध्य आशिया आणि चीनवरून जाते. उत्तरेची वाट थेट उत्तर ध्रुवाकडे निघते, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून रशियाची हद्द टाळत पॅसिफिकवर उतरते. हे अंतर ११ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. कोणती वाट घ्यायची, यात वाऱ्याचा हिशेब मोठा असतो.

ध्रुवीय वाट नवी नाही, हे विशेष सांगायला हवे. सोव्हिएत आकाश बंद होते तेव्हा स्कँडिनेव्हियाच्या सॅस कंपनीने १९५७ मध्ये कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकी ते टोकियो हे अंतर ध्रुवावरून, कुठेही न थांबता पार केले. त्या विमानाला तीन इंजिने होती. आजच्या एअरबस ए-३५० ला दोनच आहेत. त्यामुळे एक इंजिन बंद पडले तर जवळचा विमानतळ किती मिनिटांवर असावा, याची परवानगी आधी वाढवून घ्यावी लागली. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागते, म्हणून टाकीतील तापमानावर वैमानिकांची सतत नजर असते. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही. बर्फावर उतरावे लागलेच, तर घालायला खास उबदार पोशाखही सोबत असतात.

खरी किंमत इंधनात मोजावी लागते. जास्त तासांसाठी जास्त इंधन भरावे लागते, आणि ते वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. शिवाय एकाच फेरीत विमान आणि कर्मचारी अधिक काळ अडकतात. चिनी कंपन्यांना मात्र रशियाचे आकाश खुले आहे. त्यामुळे युरोप आणि चीनमधल्या त्याच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या वेळापत्रकांत तासांचा फरक दिसतो.