लहरींवर स्वार झालेले आकडे

नवी मुंबईला लागून, उरणच्या बाजूस न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. 'कंटेनर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड लोखंडी पेट्यांतून मालाची जी ने-आण होते, तीत या बंदराची गणना देशातील अग्रगण्य बंदरांत होते. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागते. म्हणून तळाचा गाळ उपसून खोल केलेल्या ठरावीक वाटेनेच ती ये-जा करतात. मुंबई बंदराकडे जाणारी जहाजेही या वाटेचा उपयोग करतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' हे जहाज न्हावा शेवाहून बाहेर पडत होते आणि 'खलिजिया-३' हे जहाज मुंबई बंदराकडे येत होते. दोहोंची टक्कर झाली. सुदैवाने कोणाचे प्राण गेले नाहीत. परंतु चित्रा एका बाजूस कलंडले, शेकडो पेट्या समुद्रात पडल्या आणि तेल सांडले. कित्येक दिवस जहाजांची वाहतूक थांबवावी लागली. तेलाचा तवंग किनाऱ्यापर्यंत पोहोचला आणि कोळी बांधवांच्या मासेमारीला त्याचा मोठा फटका बसला.

भरलेले जहाज बैलगाडीसारखे चटकन थांबत नाही आणि चटकन वळतही नाही. म्हणून समोरून कोण येत आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने येत आहे, हे प्रत्येक जहाजाला दुरूनच कळले पाहिजे. यासाठी 'स्वयंचलित ओळख यंत्रणा' निर्माण झाली. आंतरराष्ट्रीय सफरींवर जाणाऱ्या, ३०० टनांहून मोठ्या जहाजांवर ती २००४ सालाच्या अखेरीपासून सक्तीची आहे. हे यंत्र जहाजाची ओळख, स्थान, दिशा आणि वेग रेडिओलहरींतून आपोआप कळवीत राहते. पण लहरीला ना तोंड, ना अक्षरओळख. मग ती हा निरोप नेते तरी कशी?

या प्रश्नाचे उत्तर दीपगृहाकडे पाहिले असता सापडते. मुंबईच्या दक्षिण टोकाशी, कुलाब्याजवळच्या समुद्रात १८७५ साली बांधलेले प्राँग्ज दीपगृह आहे. दीपगृहाचा दिवा सतत एकसारखा दिसत राहिला, तर 'येथे दिवा आहे' एवढेच खलाशाला कळेल. परंतु दीपगृहांच्या उघडझापीची लय वेगवेगळी ठेवलेली असते. त्या लयीवरून खलाशी ओळखतो, की हे अमुक दीपगृह होय. म्हणजे निरोप दिव्यात नसून दिव्यात होणाऱ्या बदलात असतो.

रेडिओलहरीचेही असेच आहे. प्रक्षेपकातून निघणारी एकसुरी लहर काहीच सांगत नाही. तिला 'वाहक लहर' म्हणतात. निरोपानुसार या वाहक लहरीत बदल घडविणे, याला 'मॉड्युलेशन' असे म्हणतात. आणि आलेल्या लहरीतील बदल ओळखून मूळ निरोप परत मिळविणे, याला 'डिमॉड्युलेशन' म्हणतात. लहरीत मुख्यतः तीन गोष्टी बदलता येतात. पहिली, तिची उंची. दुसरी, एका सेकंदात होणाऱ्या तिच्या कंपनांची संख्या. आणि तिसरी, तिची कला, म्हणजे दिलेल्या क्षणी लहर चढावर आहे की उतारावर, ही तिची अवस्था.

यांपैकी सर्वांत साधी रीत म्हणजे लहर सुरू करणे आणि बंद करणे. तारायंत्राचे 'कड' आणि 'कट्ट' याच रीतीने बिनतारी पाठविले जात. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये अशी बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. हजारो मैलांचे अंतर त्या उघडझापीने क्षणात ओलांडले.

त्यानंतर रेडिओवरून मनुष्याचा आवाजही जाऊ लागला. आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीजास्त केली जाई. परंतु वाटेत विजेचा कडकडाट झाला, की त्याची खरखर आवाजात मिसळे आणि मग ती वेगळी काढणे कठीण होई. आकड्यांच्या निरोपाला ही भीती फार कमी असते. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका चित्रावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने असे दहा जणांनी चित्र काढले, तर दहावे चित्र पहिल्यासारखे राहत नाही. पण एखादे पत्र दहा जणांनी क्रमाने उतरवून काढले, तर अक्षर कितीही वेडेवाकडे असले तरी वाचणारा 'क' ला 'क' म्हणूनच ओळखतो आणि तो पुन्हा नीट लिहितो. म्हणून दहावे पत्रही पहिल्यासारखेच राहते. आकड्यांच्या निरोपात तर चिन्हे दोनच, शून्य आणि एक. ग्राहकयंत्राला लहरीचा नेमका आकार जपावा लागत नाही. ही खूण दोहोंपैकी कोणती, एवढेच ठरवावे लागते.

जहाजावरील ओळख यंत्रणा हेच करते. प्रथम जहाजाची सर्व माहिती शून्य आणि एक यांच्या माळेत गुंफली जाते. जहाजाचा नऊ अंकी ओळखक्रमांकही त्यात असतो. भारतीय जहाजांचा हा क्रमांक ४१९ या अंकांनी सुरू होतो. या यंत्रणेसाठी दोन वाहक लहरी ठरवून दिल्या आहेत. एकीची कंपने सेकंदाला १६ कोटी १९ लाख ७५ हजार, तर दुसरीची १६ कोटी २० लाख २५ हजार असतात. निरोप पाठविताना ही संख्या सुमारे २,४०० ने वाढविली किंवा घटविली जाते. शून्य आले, की वरची लहर खाली किंवा खालची वर जाते; एक आले, की ती आहे तेथेच राहते. हा बदल एकदम झटक्याने केला, तर त्याचा उपद्रव शेजारच्या लहरींना होतो. म्हणून वळणावर गाडी सावकाश वळवावी, तसा तो गोलाई देऊन केला जातो.

असे ९,६०० आकडे एका सेकंदात रवाना होतात. सर्व जहाजे एकाच वेळी बोलू लागली, तर कोणाचेच ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येक मिनिटाचे २,२५० समान भाग केलेले असतात. एका भागात २५६ आकडे मावतात. प्रत्येक जहाज आधी ऐकते, मोकळा भाग निवडते आणि आपली पुढची पाळीही जाहीर करते. वर्गात मॉनिटर नसतानाही मुलांनी शिस्तीने एकेक करून बोलावे, तसाच हा प्रकार आहे. घड्याळे जुळविण्याचे काम उपग्रह करतात.

ग्राहकयंत्र प्रथम आपल्या उपयोगाची लहर निवडते. निरोपाच्या आरंभी शून्य आणि एक आळीपाळीने आलेले असतात; त्यांवरून ते आकड्यांची लय पकडते. मग प्रत्येक आकड्याच्या वेळी लहर वरच्या कंपनसंख्येची आहे की खालच्या, हे पाहून ते मूळ माळ पुन्हा रचते. शेवटी ताळा पाहिला जातो. गुणाकार बरोबर आहे की नाही हे नऊच्या ताळ्याने पाहतात, त्याप्रमाणे निरोपाच्या शेवटी सोळा आकड्यांची बाकी जोडलेली असते. ती जुळली नाही, तर तो निरोप टाकून दिला जातो. चालत्या जहाजाकडून दहा सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर नवा निरोप येतच असतो. २०१२ साली भारताच्या किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर हे निरोप टिपणारी यंत्रे कार्यान्वित झाली. प्रकाशाची उघडझाप करणारी दीपगृहे आता रेडिओलहरींचेही ऐकू लागली आहेत.

घरोघरी असणारा मोबाइल फोनही याच तत्त्वावर चालतो. त्याच्या लहरीत उंची आणि कला एकत्र बदलून दोनऐवजी ४, १६ किंवा ६४ खुणा तयार करतात. ६४ खुणांपैकी एक खूण एकदम सहा आकडे वाहून नेते. मात्र खुणा जितक्या अधिक, तितक्या त्या परस्परांच्या जवळ येतात आणि खरखरीत त्यांची गल्लत होऊ लागते. म्हणून मनोरा जवळ असता फोन ६४ खुणा वापरतो, तर दूर असता चारांवर समाधान मानतो. थोडे बोलावे, पण स्पष्ट बोलावे, हा व्यवहार यंत्रांनाही पाळावा लागतो.

असे असले, तरी यंत्र निरोप आणून देते. त्याचा उपयोग करणे मनुष्याच्याच हाती असते. लहान होड्यांवर हे यंत्र असतेच असे नाही. म्हणून जहाजावर सदैव डोळ्यांनी पहारा ठेवावा, हा सागरी नियम आजही कायम आहे. पावसाच्या अंधारात लहरींवर स्वार होऊन आलेले आकडे कप्तानाला धोक्याची सूचना देतात. सुकाणू मात्र त्यालाच फिरवावे लागते.