लेकीचा हा अभ्यास संपत कसा नाही?

लेक किंवा सून अमेरिकेत मुलांची 'नर्स प्रॅक्टिशनर' असेल आणि तिच्या बाळंतपणाला तुम्ही तिकडे जाऊन आला असाल, तर एक गोष्ट तुम्ही पाहिलीच असेल. बाळ निजलं की ही कॉम्प्युटर उघडून बसते. आपण म्हणतो, "अगं, जरा पाठ टेक. शिकून झालंय ना सगळं?" तर ते झालेलं नसतं. का नसतं, हे घरात माहीत असलं तर निम्मे रुसवेफुगवे टळतील, असं मला माझ्या मावसबहिणीचं घर पाहून वाटतं.

ही आपल्याकडची वॉर्डातली सिस्टर नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने हा अभ्यासक्रम सुरू केला, तोही मुलांसाठीच. नर्सिंगच्या पदवीवर आणखी किमान मास्टर्स आणि मग परीक्षा. ती झाली की ही मूल तपासते, दुखणं ओळखते, औषध लिहून देते. काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरशी करार लागतो, एवढंच.

यात दोन शाखा आहेत. एकीत लसी, वाढ, कानदुखी, दम्याचं जुनं दुखणं. दुसरीत अतिदक्षता विभागातली, श्वासाच्या यंत्रावरची मुलं. माझ्या बहिणीने दोन्ही परीक्षा दिल्या. यंत्रावरून उतरलेलं मूल घरी गेल्यावर पुढे कसं वाढतं, हेही तिला पाहायचं होतं. हौस मोठी, तसा व्यापही मोठा! प्रमाणपत्र देणाऱ्या पीडियाट्रिक नर्सिंग सर्टिफिकेशन बोर्डाकडे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. वर्षाला साधारण पंधरा तासांचं शिक्षण दाखवायचं, शिवाय सात वर्षांच्या चक्रात बोर्डाचे ठरलेले पाठ पुरे करायचे. दोन शाखा असल्या की अभ्यासही दोन्हींचा.

राज्याचा परवाना वेगळा. गुंगीची औषधं लिहिण्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी दर तीन वर्षांनी. मुलाचं हृदय थांबलं तर काय करायचं, त्याचं कार्ड दर दोन वर्षांनी. आपल्याकडेही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, पण एवढ्या तारखा सांभाळणं म्हणजे पंचांगच म्हणायचं!

आता तुम्ही म्हणाल, हा नसता जाच कशाला? मला तो जाच वाटत नाही. शेंगदाण्याचंच पाहा. अॅलर्जीचा धोका असलेल्या बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २००० साली सांगत होते. तो सल्ला २००८मध्ये मागे घेतला गेला. २०१५ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं की लवकर दिल्याने अॅलर्जी उलट कमी होते. २०१७पासून अशा बाळांना चार ते सहा महिन्यांतच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तो द्यावा असं सांगतात. (अख्खा दाणा नव्हे हं, तो घशात अडकतो!) २००२ साली पास होऊन पुस्तक मिटणारी नर्स आजही आयांना उलटाच सल्ला देत बसली असती.

म्हणून तिकडे गेलात तर एक करा. नूतनीकरणाचे महिने बहुधा नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे ऐन दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे. चकल्या विकतच्या आणू द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी बाळ तुमच्याकडे घ्या आणि जावईबापूंना भांड्यांकडे पाठवा. फार काळ खंड पडला तर पुन्हा परीक्षेला बसायची पाळी येऊ शकते, आणि तान्हं मूल घेऊन ते किती कठीण, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

कागदांचंही पाहा. केलेल्या प्रत्येक पाठाचा दाखला एका फाइलमध्ये ठेवायला सांगा, कारण बोर्ड मधूनच कुणाचेही कागद तपासायला मागतं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर परवान्यावर आणि प्रमाणपत्रावर नाव एकच आहे ना, हे तिला लगेच बघायला लावा. विवाहनोंदणीचा दाखला इकडे तुमच्याच कपाटात असेल, तर तो जाताना बरोबर न्या.