उन्हाळ्याची बेगमी

वैशाखात अकोल्याचा पारा अनेकदा ४४-४५ अंशांवर चढतो. मळ्यांतील वेल करपतात आणि बाजारात आलेली पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. तरीही जुन्या रीतीने चालणाऱ्या वऱ्हाडी घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याची भाजी पानात पडते. ही वांगी मात्र माघ-फाल्गुनात चिरून ठेवलेली असतात.

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यातील बऱ्याच भागास खारपाणपट्टा म्हणतात. तेथील विहिरींचे पाणी खारट असते व ते पाजल्यास काळी जमीन बिघडते. त्यामुळे अशा गावांना बारमाही मळा करणे कठीण जाते. पावसाने जे दिले तेच वर्षभर पुरवावयाचे, हा तेथील गृहिणीचा हिशेब असे.

हा हिशेब आषाढापासून सुरू होई. बांधावर तरोटा उगवतो, पुढे काटवले येतात, आणि कपाशीच्या शेतात अंबाडी डोलू लागते. अंबाडीचा पाला फार आंबट असतो. म्हणून तो उकडून पिळून घेतात आणि तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून शिजवितात. वरून लसणाची खमंग फोडणी हवीच. तिच्यावाचून या भाजीस रंगत नाही. आंध्रात हाच पाला गोंगुरा या नावाने मिरवतो व त्याचे लोणचे घालतात.

हिवाळा हा खरा सुगीचा काळ. कपाशीच्या ओळींमध्ये पेरलेल्या तुरीचे मूळ खोल जाते. वरची माती सुकली तरी खालची ओल त्यास सापडते. पौषात तिच्या हिरव्या शेंगा सोलून ‘सोले’ काढतात आणि ते भरडून झणझणीत आमटी करतात. सुरतेच्या उंधियूतही हेच दाणे पडतात. पण तेथे त्यांच्या जोडीला कंद आणि गोडसर मसाला असतो. वऱ्हाडाचा भर तिखटावर. गंमत अशी की, ही मिरची मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली.

याच दिवसांत वांगी स्वस्त होतात, आणि वाळवण सुरू होते. वांग्यात शंभरांत नव्वदांहून अधिक भाग पाणी असते. पाणी असेल तेथे बुरशी व सूक्ष्म जंतू वाढतात. ते गेले की त्यांची वाढ थांबते. म्हणून फोडी पातळ कराव्या लागतात. दुमडताच फोड कडकन मोडली, तर ती वाळली असे समजावे. नुसती वाकली, तर आणखी एक ऊन द्यावे. एका ओलसर फोडीने सगळी बरणी नासू शकते. मेथी मात्र सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिचा रंग उडतो व जीवनसत्त्वेही अधिक नष्ट होतात. गवारीच्या शेंगा, कोहळा घातलेले डाळीचे सांडगे, मुगाच्या वड्या यांचीही अशीच भर पडते.

राजस्थानात केर व सांगरी वाळवून ठेवतात. काश्मीरात तर वांगी, दुधी व टोमॅटो उन्हाळ्यात वाळवितात, कारण तेथे भय बर्फाचे. वऱ्हाड हिवाळ्यात वाळवून उन्हाळ्यास तोंड देते, तर काश्मीर उन्हाळ्यात वाळवून हिवाळ्यास.

वैशाखात त्या फोडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, तेलात परततात आणि डाळीबरोबर शिजवितात. ताज्या वांग्याचा मऊपणा त्यांना येत नाही. पण चावताना एक निराळा खरपूस स्वाद लागतो. वाळवणात ‘क’ जीवनसत्त्व फारसे उरत नाही. ती उणीव कैरीच्या फोडीने व लिंबाने भरून निघते. आणि जेथे थोडेसे गोडे पाणी असेल, तेथे जमिनीलगत पसरणारी इवल्या पानांची चिवळ भर उन्हाळ्यातही हिरवी राहते. ती निवडण्यास मात्र घरातील सर्व हात लागतात.